दाब, धर, सोड

शनिवारी रात्री उद्यमनगरातली शेवटची लेथ थांबते
तेव्हा मी सेडियाचं पुढचं चाक काढतो.
गाडी दोन हजार आठची, माझ्याआधी दोघांची.
पहिला डॉक्टर; त्यानं सीटची प्लास्टिकं कधी काढलीच नाहीत.
दुसऱ्यानं सायलेन्सर काढला
आणि पोलिसांच्या पावत्या कप्प्यात जपून ठेवल्या.
त्या अजून तिथंच आहेत.

इंजिन उतरवलं तेव्हा दस्तगीर मिस्त्री
चौथ्या सिलिंडरच्या भिंतीवर बोट फिरवून म्हणाला,
"हिला पळवलंय लई. इचारलं न्हाई कुणी."
बुश त्यानंच वळून दिले, काळ्या नायलॉनचे, दोन थाऊ घट्ट.
"रस्त्यावर खडखडंल," आधीच सांगितलं त्यानं.
खडखडते.

शॉकअपच्या डोक्यावर एक छोटी चकती आहे.
ट्रॅकसाठी अकरा क्लिक.
आईसाठी तीन.
(तीनवरसुद्धा ती म्हणते, गंगावेशीतल्या स्पीडब्रेकरला
मला माझा चौथा मणका नेमका कुठला ते कळतं.)

कागलच्या पलीकडे, उसाच्या मधोमध,
भाड्यानं मिळते ती डांबराची वळवळ.
चौथ्या वळणाआधी ब्रेकची खूण म्हणून एक दगड होता,
तो कुणीतरी चुलीला नेला.
आता गुऱ्हाळाचा वास हेल्मेटात शिरला
की मी पाय टाकतो.
वारा फिरला की चुकतो.

त्या रविवारी उशीर झाला.
क्लिक आठवणीनं तीनवर आणले.
पॅड तसेच राहिले, ट्रॅकचेच.

सोमवार, सकाळचे सात. आई शेजारी, मांडीवर रिपोर्टांची पिशवी.
धारा काढून म्हशी रंकाळ्याकडे निघालेल्या,
शिंगांवर अजून पाडव्याचा रंग,
एकीच्या कपाळावर कलंडलेलं मोरपीस.
मी पाय टाकला.
ट्रॅकचे पॅड थंडीत दगड असतात,
तापल्याशिवाय कुणाचंच ऐकत नाहीत.
पेडल खोल, गाडी पुढं, हँडब्रेक,
आईचा पंजा डॅशबोर्डवर,
आणि वीतभर.
म्हशीनं बॉनेटवर श्वास सोडला.
धुक्याचा एक गोल उमटला, विरला.
तिचा धनी काठी टेकून माझ्याकडे बघत राहिला.
"एवढा आवाज करतोयस, आन् थांबाय येत न्हाई व्हय रं?"
आई काही बोलली नाही.
दवाखान्यापर्यंत नाही, परत येतानाही नाही.

संध्याकाळी जॅक लावला.
ब्रेकचं तेल कोऱ्या चहासारखं, उकळून गेलेलं.
हवा काढायला दुसरा माणूस लागतो,
आणि दस्तगीर लेकीकडे मिरजेला.
आई चष्मा लावून ड्रायव्हरच्या सीटवर बसली,
पदर खोचून, छत्तीस वर्षं चौथीच्या वर्गात शिरावी तशी.

आधी सगळ्यात लांबचं चाक, मागचं डावं.
"दाब."
"दाबलं."
"धर."
"धरलंय."
नळीतून मोहरीएवढा बुडबुडा, मग आणखी एक.
"सोड."
तिसऱ्या चाकाला तीच ओरडली वरून,
"अरे, धरलंय केव्हाचं! तू सोडायला सांग."

वीस नट. प्रत्येकाला टॉर्क रेंच
एकशे आठला टक् करतो.
"एकशे आठच का?"
"पुस्तकात आहे."
"आमच्याही," ती म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

मी हात पुसले, वही काढली:
तारीख, किलोमीटर, तेल बदललं, पॅड बदलले.
ती उतरली नव्हती.
स्टिअरिंगवर दोन्ही हात, समोर गॅरेजची भिंत, भिंतीवर पट्टे.
"तिथं शेजारी बसायला देतात का रे?"

मागं जाऊन मी चकतीवर बोट ठेवलं.
तीन. चार. पाच.
पुढचा क्लिक करायचा की नाही,
वहीतला तो रकाना
अजून तसाच आहे.